गिअर ऑइलच्या बोल्टला मालकाचा हात लागलाच पाहिजे

"सर, कशाला हात काळे करायलाव? दोन-चारशे रुपये टाका, पोरगं करून देईल." गाडीचं गिअर ऑइल स्वतः बदलायचा विषय काढा, धाराशिवपासून उमरग्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर हेच ऐकायला मिळेल. सांगणारा भल्यासाठीच सांगत असतो. पण त्या सल्ल्यामागे एक पक्कं मत उभं आहे, आणि गाडीला धाराशिव जिल्ह्याची एमएच-25 ही पाटी असलेल्या निम्म्याअधिक सुशिक्षित घरांत ते आता नियमासारखं पाळलं जातं: गाडी चालवायची मालकानं, तिच्या पोटात काय चाललंय ते पाहायचं फक्त मेकॅनिकनं.

ते मत आधी पूर्ण मांडतो. गिअरबॉक्स हा गाडीचा महागडा आणि नाजूक भाग. ऑइल चुकीचं पडलं, बोल्टचे आटे गेले, वॉरंटी बुडाली, गाडी जॅकवरून घसरली, तर निस्तरणार कोण? शिवाय हल्लीच्या गाड्यांचं गिअर ऑइल आयुष्यभराचं असतं, त्याला हात लावायची गरजच पडत नाही. आणि समजा पडलीच, तर ज्याचा तो धंदा आहे त्याला करू द्या. चार पैसे वाचवायला गरिबाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? शिकलेल्या माणसानं आपला वेळ आपल्या कामात घालवावा.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण एकेक मुद्दा सुटा करून पाहिला की त्यातला एकही टिकत नाही. आणि सगळे मुद्दे एकत्र आले की माणसाला स्वतःच्याच वस्तूपुढे परावलंबी करून ठेवतात. म्हणून या मताचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं.

मुंबईच्या बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याला हा सल्ला दिला असता, तर समजून घेता आलं असतं. तिथे गाडी उभी करायलाच जागा नसते, मग तिच्याखाली वाकणार कुठे? पण आपला जिल्हा कोणता आहे? इथला शेतकरी बोअरमधली मोटर बंद पडली की चेनपुली लावून तीन-चारशे फूट पाइप वर ओढतो, केबलचा सांधा स्वतः मारतो, मोटर दुरुस्त होऊन आली की पुन्हा खाली सोडतो. ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल आणि फिल्टर बांधावर बदलतो. फवारणीच्या पंपाचं वायसर त्याच्या खिशात असतं. लाइनमन वेळेवर येत नाही म्हणून रात्री डीपीवर फ्यूज टाकायला जाणारी माणसं याच जिल्ह्यात आहेत. तो धोका कुणीही घेऊ नये, त्यात माणसं जीव गमावतात. पण त्याला अडवायला जे कुणी पुढे येत नाहीत, तेच लोक दारातल्या मोटारीचा एक बोल्ट उघडायचा म्हटलं की हात धरतात. मोटर बाहेर काढणारा हात बोल्टपाशी येऊन एकाएकी अडाणी कसा काय होतो?

"हे तांत्रिक काम आहे"

पहिला मुद्दा कौशल्याचा. काम नेमकं काय आहे ते पाहू. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या कवचाला बहुतेक गाड्यांत दोन बोल्ट असतात. एक बाजूला जरा वर, ऑइल भरायचा. दुसरा तळाशी, ऑइल सोडायचा. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणायची, म्हणजे ऑइल कोमट होऊन पातळ होतं आणि गाळासकट बाहेर येतं. मग सपाट जागी, आडवी सरळ उभी करायची. आधी वरचा बोल्ट सैल होतो की नाही ते पाहायचं. तळाचा आधी उघडला, सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. ऑइल पूर्ण ठिबकून गेलं की तळाचा बोल्ट पुसून, नवं वायसर घालून, पुस्तकात दिलेल्या जोरानं आवळायचा. वरून नळीनं नवं ऑइल भरायचं. ते भोकाच्या काठाशी येऊन ओघळू लागलं की पातळी बरोबर झाली. गाडी फक्त पुढून उचललेली असताना ही पातळी धरायची नाही. ती आडवी असली तरच माप खरं. छोट्या गाडीत साधारण दोन लिटर ऑइल जातं.

काम एवढंच आहे. त्याला एक योग्य मापाचा पाना लागतो, एक नळी, एक तसराळं आणि थोडा धीर. बोल्टचे आटे का जातात? पाना तिरका बसवून, लांब पाइप लावून जोर मारल्यामुळे. हातानं तीन-चार फेरे नीट बसले की मगच पाना लावायचा, एवढं एक पथ्य पाळलं तर आटे जात नाहीत. हे पथ्य शिकायला किती वेळ लागतो? गॅरेजमध्ये हे काम कुणाकडे दिलं जातं तेही बघा. उस्ताद इंजिन उघडून बसलेला असतो आणि गिअर ऑइल बदलायला तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेलं पोरगं गाडीखाली सरकतं. तीन महिने शिकलेल्या पोराला जे जमतं, ते पदवीधर मास्तरला, बँकेतल्या कारकुनाला, दुकानदाराला का जमू नये? काम अवघड असल्यामुळे ते गॅरेजमध्ये जात नाही. आपण कधी करूनच पाहिलेलं नसतं, म्हणून ते अवघड वाटतं.

"ऑइल आयुष्यभराचं असतं"

दुसरा मुद्दा सगळ्यांत मोहक आहे, कारण तो काहीच न करण्याची मुभा देतो. आयुष्यभराचं म्हणजे कुणाच्या आयुष्यभराचं? गाडी विकत घेणाऱ्या पहिल्या मालकाच्या, की वॉरंटीच्या? गिअरबॉक्सच्या आत दातेरी चाकं एकमेकांवर घासत फिरतात. गिअर टाकताना दोन चाकांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा बऱ्याच गाड्यांत पितळी असतात आणि त्या घर्षणावरच काम करतात. बेअरिंग आहेत, शाफ्ट आहेत. या सगळ्यांतून झिजलेला धातूचा कण जातो कुठे? इंजिन ऑइलला निदान फिल्टर असतो. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना फिल्टर नसतो. कण त्याच ऑइलात फिरत राहतात. फार तर तळाच्या बोल्टवरचा चुंबक काही धरून ठेवतो. ऑइलातली रसायनं उष्णतेनं आणि दाबानं हळूहळू संपतात. संपली की ऑइलचा रंग राहतो, पण दात्यांमध्ये टिकून राहण्याची ताकद राहत नाही.

हे मी मनचं सांगत नाही. अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल साधारण 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. त्याच गिअरबॉक्स बसवलेल्या काही गाड्यांचे विक्रेते मात्र ते ऑइल आयुष्यभराचं म्हणून सांगत आले. गिअरबॉक्स बनवणारा बदला म्हणतो आणि गाडी विकणारा नको म्हणतो, तेव्हा विश्वास कुणावर ठेवायचा?

आता आपल्या रस्त्यांवर या. सोलापूरहून येताना तुळजापूरचा घाट भरलेल्या गाडीनं चढा. नवरात्रात देवीला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढा. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे पन्नास वेळा गिअर खाली-वर करा. मे महिन्यात बालाघाटाच्या पठारावर भर दुपारी गाडी चालवा. ज्या वेळापत्रकात आयुष्यभर असं लिहिलंय, त्यात यातलं काय धरलंय? गाडीसोबतचं पुस्तकच बहुतेकदा सांगतं की खडतर वापर असेल तर देखभालीचं अंतर कमी करा. धूळ, उष्णता, घाट, जास्त भार हा आपल्याकडचा रोजचा वापर आहे. ती अट आपल्याला लागू होणार नाही तर कुणाला?

आणि पाणी? सप्टेंबर 2025 मध्ये अतिवृष्टीनं परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला. गावं पाण्याखाली गेली, गोठ्यातली जनावरं गेली, पिकाबरोबर मातीही वाहून गेली. त्या नुकसानीपुढे गाडीचं नुकसान छोटं आहे. पण दारातल्या गाड्याही चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभ्या राहतात, हे पुराच्या दिवसांत सगळ्यांनी पाहिलं. गिअरबॉक्सला हवा खेळायला एक बारीक वाट ठेवलेली असते, तिथून पाणी आत शिरतं. ऑइल दुधट होतं आणि अशा ऑइलवर गाडी चालवत राहिलं की बेअरिंग गंजतात. हे वेळीच कळायला काय करावं लागतं? तळाचा बोल्ट जरा सैल करून आधी पाणी येतं का ते पाहावं लागतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी आधी सुरू करायची नाही, आणि सुरू करण्यापूर्वी पाहायच्या गोष्टींत ही एक आहे. सगळ्या तालुक्यात मेकॅनिक एकाच वेळी हवे असतात तेव्हा ज्याला हा बोल्ट माहीत आहे, त्याची गाडी वाचते. ज्याला माहीत नाही तो रांगेत नंबर लावून बसतो आणि दरम्यान आत गंज चढतो.

"वॉरंटी जाईल"

तिसरा मुद्दा भीतीचा. वॉरंटी चालू असलेल्या गाडीची अट तिच्या पुस्तकात लिहिलेली असते. ती वाचावी आणि तेवढे दिवस ती पाळावी. त्यात वाद नाही. पण आपल्या जिल्ह्यात किती गाड्या वॉरंटीत आहेत? परंडा, भूम, वाशी, लोहारा, कळंब इथल्या रस्त्यांवर बोलेरो, अल्टो, इको, जुनी स्विफ्ट, छोटा हत्ती दिसतात. त्यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. वॉरंटी केव्हाच संपली, तरी भीती मात्र अजून ठेवून घेतली आहे. संपलेल्या वॉरंटीचं ओझं आयुष्यभर का वाहायचं?

आणि ही भीती आली कुठून? गाडीचं पोट म्हणजे कंपनीची खासगी मालमत्ता, ही समजूत काही आपोआप रुजलेली नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं देशातल्या 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप असा होता की मूळ सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू दिली जात नाहीत, आणि बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी नाकारण्याची भीती दाखवली जाते. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. पण ग्राहकाला आपल्याच दारात अडकवून ठेवण्याची ही रीत देशाच्या स्पर्धा आयोगानं स्पर्धेला मारक ठरवली, हे नोंदलं गेलं. जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवायला समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली आहेत. ग्राहकाला आपली वस्तू दुरुस्त करता यावी म्हणून दिल्लीत सरकार समिती नेमतं, आणि आपण इथे बोल्टला हात लावू नको म्हणून एकमेकांना बजावत बसतो. हा हक्क वापरणार कोण?

"चुकीचं ऑइल पडलं तर?"

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो बोलणाऱ्यांच्याच विरुद्ध जातो. गिअर ऑइल म्हटलं की एकच चीज, असं नसतं. डब्यावर 75डब्ल्यू-80, 75डब्ल्यू-90, 80डब्ल्यू-90 असे आकडे असतात, ते जाडीचे. शिवाय जीएल-4 आणि जीएल-5 असे दर्जे असतात. जीएल-5 मध्ये जबर दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलला तो दर्जा लागतो. पण ज्या गिअरबॉक्सला कंपनीनं जीएल-4 सांगितलंय, तिथे जीएल-5 घातलं तर काही ऑइलांमधली ती रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधतात. शिवाय रिंगांना जे घर्षण हवं असतं तेही कमी पडतं. गिअर घासत, कुरकुरत पडायला लागतात आणि दोष मात्र गाडीच्या वयावर ढकलला जातो.

आता सांगा, हा फरक कोण पाळणार? ज्याच्याकडे ड्रममध्ये एकच नव्वद नंबर ऑइल आहे आणि दिवसाला दहा गाड्या उरकायच्या आहेत, तो? की ज्याची एकच गाडी आहे, जो पुस्तक उघडून दर्जा वाचू शकतो आणि सीलबंद डबा स्वतः विकत आणतो, तो? गर्दीच्या दिवशी इंजिन ऑइलचा समजून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला जातो, मग गिअरबॉक्स रिकामा राहतो आणि इंजिनात दुप्पट ऑइल पडतं. हा घोटाळा गाड्यांच्या दुनियेत नवा नाही. तो घाईनं होतो. आपल्या एकुलत्या एका गाडीखाली रविवारी सकाळी निवांत बसलेल्या माणसाला घाई कसली? चुकीच्या ऑइलची खरीच काळजी असेल, तर तो डबा निवडायचं काम मालकाशिवाय दुसऱ्या कुणाकडे देऊच नये.

डबा स्वतः आणला तरी बदलायला मेकॅनिक आहेच की, असं कुणी म्हणेल. पण मग जुन्या ऑइलचं काय? तळाच्या बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ थर असला तर ती नेहमीची झीज. पण त्यात चमकणारे पापुद्रे दिसले, बोटाला टोचणारे तुकडे लागले, तर एखादा दाता किंवा बेअरिंग जायला लागलंय. तो बोल्ट फडक्यानं पुसून परत बसवला गेला की ती खबरही पुसली गेली. मालकानं स्वतः पाहिला तर त्याला पुढच्या सहा महिन्यांचा खर्च आज कळतो. चारशे रुपये वाचतात की नाही हा हिशेब त्यापुढे किरकोळ आहे.

"मेकॅनिकच्या पोटावर पाय"

या मुद्द्यावर लोक मान डोलावतात, कारण त्यात कणव आहे. पण मेकॅनिकच्या ज्ञानाचा याहून मोठा अपमान मला दुसरा दिसत नाही. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, वायरिंग, आजच्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स, एवढं शिकून आलेल्या माणसाचं पोट दोन लिटर ऑइल ओतण्यावर चालतं असं आपल्याला खरंच वाटतं का? त्याचं खरं काम क्लच प्लेट बदलण्यात आहे, गिअरबॉक्स खाली उतरवून सिंक्रो रिंग घालण्यात आहे, आवाज ऐकून बेअरिंग ओळखण्यात आहे. त्या कामाचे पैसे द्यायची वेळ आली की हेच कणव दाखवणारे लोक मजुरीवर घासाघीस करतात. सुट्या भागाचे छापील पैसे निमूट देतात आणि मजुरीचे पाचशे ऐकले की भुवया उंचावतात.

घासाघीस का होते? आत काय काम झालं ते गिऱ्हाइकाला माहीतच नसतं. ज्यानं एकदा स्वतः गाडीखाली सरकून, हात वर धरून, मान अवघडवून एक बोल्ट सोडवलाय, तो गिअरबॉक्स उतरवायची मजुरी ऐकून कधी वाद घालणार नाही. मेकॅनिकची कदर करणारं गिऱ्हाईक हवं असेल तर हात काळे झालेलं गिऱ्हाईक हवं. आणि वाईट गॅरेजला खरी अडचण होईल ती अशाच गिऱ्हाइकाची. प्रामाणिक मेकॅनिकला त्याच्यामुळे एक रुपयाही तोटा नाही.

धोका, घाण आणि मर्यादा

धोक्याचा मुद्दा मी टाळणार नाही. गिअर ऑइलच्या कामात खरा धोका एकच आहे, तो म्हणजे वजनाचा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही सरकू नये. जॅक उचलायला असतो, पेलायला नसतो. गाडी मजबूत लोखंडी स्टँडवर ठेवावी, चाकांना अडणी लावावी, हँडब्रेक ओढावा आणि खाली सरकण्यापूर्वी गाडी हलवून पाहावी. त्याहून बरं म्हणजे खड्डा किंवा रॅम्प. वॉशिंग सेंटरवाल्याशी बोलून रॅम्प अर्धा तास वापरायला मागता येतो. हे नियम पाळायचे नसतील तर काम करू नये, यात मी कुणालाच सूट देणार नाही. पण धोका आहे म्हणून शिकूच नये, हा निष्कर्ष कुठला? विहिरीत बुडण्याचा धोका असतो म्हणून मुलांना पोहायला शिकवायचं बंद करायचं का?

घाणीचा मुद्दाही तसाच. घरी ऑइल बदलणारे जुनं ऑइल गटारात ओततात, असं म्हणतात. जो ओततो तो गुन्हाच करतो. टँकरवर उन्हाळे काढलेल्या जिल्ह्यात ओढ्यात किंवा मातीत ऑइल ओतणाऱ्याला माफी नाही. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि परदेशातून आणणाऱ्या कंपन्यांवर टाकली गेली आहे. मालकानं करायचं ते सोपं आहे: नवं ऑइल ज्या डब्यातून आलं त्याच डब्यात जुनं भरावं, झाकण लावावं आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजच्या ड्रममध्ये नेऊन द्यावं. दोन लिटर स्वतः हातात धरून नेणाऱ्याला त्या ऑइलची किंमत आणि त्याचं विष दोन्ही कळतात.

मर्यादा एकच मानतो. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ऑइल ठरावीक तापमानाला मोजावं लागतं, कधी कॉम्प्युटर जोडावा लागतो, आणि ऑइलही त्या गिअरबॉक्सचं वेगळंच असतं. ते काम साधनं असणाऱ्याकडेच द्यावं. 2014 मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे आलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. तरी त्या यंत्राच्या वेगळ्या ऑइलला पुस्तक वाचल्याशिवाय हात लावू नये. पण आपल्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य गाड्या साध्या पाच गिअरच्या आहेत. मोजक्या ऑटोमॅटिक गाड्यांचं कारण पुढे करून बाकी सगळ्यांचे हात का बांधायचे?

खरं दुखणं

हे सगळे मुद्दे बाजूला काढले की खाली एकच गोष्ट उरते, आणि ती ऑइलची नाही. हात काळे होणं कमीपणाचं वाटतं. मुलगा शिकला की त्यानं पाना धरू नये, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. कोणत्या जातीनं कुठल्या कामाला हात लावायचा हे शेकडो वर्षं ठरवून ठेवलेल्या समाजात ही खोड कुठून आली, ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. आज ती जातीचं नाव घेत नाही, वेळ वाचवण्याची भाषा बोलते. वेळ वाचवायचा म्हणजे काय करायचं? गॅरेजच्या बाकड्यावर दोन तास मोबाइल बघत बसायचं, तो वेळ कुणाच्या हिशेबात धरायचा?

याच महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्कर होऊन गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवणाऱ्या या माणसानं 1888 मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला आणि 1910 मध्ये माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांचे हात काळे झाले नसते तर शेतकऱ्याच्या हातात तो नांगर आला असता का? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचारानं की खेड्यातलं मूल हातानं काम करता करता विज्ञान शिकतं. वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन हे तिथे अभ्यासाचे विषय झाले. ज्या राज्यात हे घडलं, तिथला पदवीधर दारातल्या गाडीचा बोल्ट पाहून मागे सरकतो, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

घरातलं मूलही हे पाहत असतं. दर वेळी बाप खिशातून पैसे काढून बाजूला उभा राहतो, हे पाहणारं मूल यंत्रापुढे उभं राहायला कसं शिकणार? उद्या त्याच्या शेतात ठिबकचा फिल्टर असेल, सोलर पंप असेल, विजेवर चालणारा ट्रॅक्टर असेल. तेव्हाही तो "कुणाला तरी बोलवा" एवढंच म्हणणार का?

म्हणून माझं म्हणणं पुन्हा एकदा, आडपडदा न ठेवता सांगतो. साध्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलणं हे गाडीच्या मालकाचं काम आहे. ते त्यानं केलंच पाहिजे, निदान एकदा तरी. त्यानंतर वाटल्यास दर वेळी गॅरेजला जावं, पण जाणारा माणूस मग वेगळा असेल; त्याला दर्जा माहीत असेल, पातळी माहीत असेल, काय विचारायचं ते माहीत असेल. जिल्ह्यातल्या आयटीआयनी महिन्यातला एक रविवार वाहनमालकांसाठी ठेवावा, खड्डा आणि पाने त्यांच्याकडे आहेतच. गाडीचं पुस्तक बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. ते मराठीत द्या, असा आग्रह शोरूममध्ये पैसे मोजतानाच धरावा.

आणि तुम्ही, वाचक, या आठवड्यात एवढं करा. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणातलं ते कधीच न उघडलेलं पुस्तक काढा. गिअर ऑइलचा दर्जा, लिटर आणि बदलायचं अंतर शोधून एका कागदावर लिहा. मागच्या वेळी ऑइल केव्हा बदललं ते आठवत नसेल, तर बदलायची वेळ झाली आहे असं समजा. ओळखीच्या मेकॅनिकला पहिल्या वेळी शेजारी उभं राहायला सांगा, त्याच्या वेळाचे पैसे मोजून द्या, पण पाना आपल्या हातात ठेवा. घरातल्या मुलालाही बोलवा आणि मुलीलाही.